रुपया शेर

“काय भाव दिन्हा मध?”

धोतराचा सोगा सावरत गिऱ्हाईक समोर उभं होतं. भटू पाटलाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या पुढ्यातल्या बरण्यांकडे, मग पलीकडे उन्हात चमकणाऱ्या तापीकडे. त्याचे ओठ हलले, पण बाहेर पडलं ते भलतंच.

“चाखी तं देखा,” तो म्हणाला आणि लाकडी पळीने मधाची धार त्या माणसाच्या तळहातावर सोडली.

माणसाने हात चाटला. चेहरा उजळला. “ब्येस शे. आते भाव सांग.”

भटू पळी पुसायला लागला.

“तो पलीकडला सहा आणा शेर सांगी ऱ्हायना.”

“हां. तठे सहा आणा शे,” भटू म्हणाला आणि हात लांब करून त्याला त्या दुकानाची वाट दाखवली.

गिऱ्हाईक निघून गेलं. मागे गाडीच्या सावलीत उपासाचं रताळं सोलत बसलेल्या फुलवंताबाईने कपाळावर हात मारून घेतला.

“आहो, तुमी मध इकाले उनात का लोकेसले वाट दखाडाले?”

“त्यानी इचारं, मी सांगं,” भटू पुटपुटला.

“त्यानी भाव इचारा व्हता. तो नही सांगा!”

तापीकाठच्या प्रकाशा गावाची महाशिवरात्रीची जत्रा होती. साल एकोणीसशे छत्तीस-सदतीस असेल. पहाटेपासून केदारेश्वराच्या दर्शनाला रांग लागलेली, नदीच्या पायऱ्यांवर ओल्या लुगड्यांची गर्दी, आणि देवळापासून वाळूपर्यंत दुतर्फा दुकानं. नारळ, बेलाची पानं, शेव-रेवडी, पितळी भांडी. त्यात एका निंबाखाली ब्राह्मणपुरीच्या भटू पाटलाची बैलगाडी सोडलेली होती आणि गाडीपुढे घोंगडी अंथरून चिनी मातीच्या बरण्या मांडलेल्या होत्या.

हा भटू मधाच्या धंद्यात मुद्दाम पडला नव्हता. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी पावसाळ्यात घरामागे एक रिकामी घागर आडवी पडली होती, तिच्यात मधमाश्या शिरल्या. शेजाऱ्यांनी धूर करून हाकलायला सांगितलं. भटूने त्या घागरीवर सावलीला कपाशीच्या वाळल्या पळकाट्यांचा मांडव घातला. रोज शेतातून आला की तो तिथे उकिडवा बसून त्यांची ये-जा बघायचा. पुढे त्याने शेजारी दुसरी घागर ठेवली, मग तिसरी. घागरीच्या तोंडाला लाकडी फळी बसवायची, शेणमातीने लिंपायची, माश्यांपुरतं भोक ठेवायचं, आणि मध काढताना पिल्लांचं पोळं सोडून बाकीचं तेवढं कापायचं, हे तो चावे खात खात शिकला. चाळिशी उलटली तेव्हा त्याच्या घरामागच्या भिंतीलगत घागरींची अख्खी ओळ झाली होती. माश्या अंगाखांद्यावर बसल्या तरी तो हलत नसे. फुलवंताबाई म्हणायची, या माणसाला राग आलेला फक्त माश्यांनीच पाहिला नाही असं नाही, मीही पाहिलेला नाही.

मध उत्तम होता. त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. अडचण एकच होती. भाव विचारला की भटूची जीभ टाळ्याला चिकटायची. “तुमले जे वाटी ते द्या,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. लोकांना फारसं काही वाटायचं नाही. शहाद्याचा व्यापारी गुळापेक्षा जरा बरा भाव लावून सगळा मध उचलून न्यायचा. गावातले लोक खोकल्याला म्हणून वाटी घेऊन यायचे आणि वाटी भरून न्यायचे.

एवढ्यावर निभावलंही असतं. पण यंदा संक्रांतीला फुलवंताबाईचा थोरला भाऊ गिरधर घरी आला. तो नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होता. जेवण झाल्यावर त्याने सुपारी कातरता कातरता विषय काढला.

“पाव्हणा, माश्या राखीसन कोनं पोट भरस? आमना जिनमा काटावर एक माणूस पाहिजे शे. कपाशी मोजानी, आकडा लिखाना, दुसरं काम नही. होळी जयी का या. खोली मी दखाडी ठेयेल शे.”

भटू नाही म्हणाला नाही. नाही म्हणणंही त्याला जमत नसे. तो उठला आणि मागच्या दारी गेला. थोड्या वेळाने फुलवंताबाई त्याला बोलवायला गेली. तो घागरींच्या ओळीपुढे उभा होता आणि एकेका घागरीवर हात ठेवत पुढे सरकत होता, पाहुण्यांना निरोप देताना ठेवतात तसा.

ती तशीच परत आली आणि भावाला म्हणाली, “दादा, शिवरात्रले आमी परकाशाले मध लई जासुत. भाव मी सांगसु. बरा भाव उना तं हाऊ माणूस आठेच ऱ्हाई. नही उना, तं मीच तुन्हाकडे लई येसु.”

“चाली,” गिरधर म्हणाला. “मी बी दर्शनले येसच. तठेच सांगजो.”

भाव ठरवताना नवराबायकोत वाद झाला. फुलवंताबाई म्हणाली, रुपया शेर. भटूच्या हातातली पळी थांबली.

“रुपया? रुपयाले तं तूप येस.”

“मंग? तूप म्हैस देस. ढेप खास, चारा खास, मंग देस.”

“माश्या तं काहीच मांगत नही. म्हनीसन मध सस्ता पाहिजे.”

“मांगत नही म्हनीसन फुकट? मंग मी बी इतला वरीस काही नही मांगं. मन्हा भाव काय?”

रुपया शेर ठरला.

पण जत्रेत दुपार चढली तरी बरण्या जवळजवळ तशाच होत्या. फुलवंताबाई ठणकावून “रुपया शेर” सांगायची, लोक हसायचे आणि पलीकडच्या सहा आण्यांच्या दुकानाकडे वळायचे. तिथल्या दुकानदाराचा मध काळाकुट्ट होता आणि त्याला काकवीचा वास येत होता, पण त्याच्या गळ्यात घंटा होती आणि तो गाणी म्हणत होता. दोघंतिघं चिंचोक्याएवढ्या कुप्या भरून घेऊन गेले, तेवढंच. मध्ये मध्ये फुलवंताबाई पाण्याला गेली किंवा मागे गाडीपाशी बसली की भटू गिऱ्हाइकं वाटेला लावायचा, त्यातलंच एक मघाचं.

ऊन कललं तशी देवळाची रांग ओसरली. फुलवंताबाईने पदर खोचला, बेलाचा द्रोण उचलला.

“मी जासू आनि दर्शन लिसन येसू. कोनी उना तं दोनच शब्द. रुपया शेर. म्हना देखू.”

“तू ये तं खरं,” भटू म्हणाला.

“म्हना!”

“रु...” भटू थांबला. समोरून माणसं चालली होती.

फुलवंताबाई सुस्कारा टाकून देवळाकडे गेली.

ती गेली आणि लगेच एक म्हातारी घोंगडीपाशी येऊन टेकली. नदीत डुबकी मारून आली होती, पांढरे केस ओले, लुगडं पोटरीपर्यंत वर खोचलेलं. काखेत बोचकं, हातात झाकणाचा पितळी गडू. बसता बसता तिने आपली सगळी माहिती देऊन टाकली. नाव अनुसयाबाई, गाव तळोद्याच्या अलीकडे, लेक बाळंत झाली होती. लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर. नवस, उपास, वैद्य, सगळं करून थकल्यावर.

“पोर जयी, भाऊ. पोर. लोके म्हनतस पोरगा पाहिजे व्हता. मी म्हंतं, तुमना पोरगा तुमले राहू द्या, माले मन्ही नात पुरी.” ती हसली तेव्हा तिचे दोन दात दिसले. “तिना तोंडले मधनं बोट लावानं शे. पावशेर दे. खरा शे ना?”

“चाखी देखा, माय.”

“माले नको चाखाडू, मन्हा उपास शे. तू सांग. खरा शे का?”

“खरा शे,” भटू म्हणाला. हे त्याला सहज सांगता आलं.

“मंग दे.”

भटूने तिचा गडू घेतला. तागडी बाजूलाच होती, पण त्याने तिला हात लावला नाही. सगळ्यात उजळ बरणीचं झाकण काढलं आणि गडू गळ्यापर्यंत भरला. झाकण लावून, बाहेर ओघळलेला थेंब आपल्या उपरण्याने पुसून तो गडू त्याने दोन्ही हातांनी पुढे केला.

“ले माय. नातले लाव.”

म्हातारीने कमरेची चंची सोडली. “कितला जया?”

“ऱ्हाऊ दे.”

“कितला जया, इचारी ऱ्हायनी.”

“तुले जे वाटी ते दे. नही दिन्हं तरी चाली.”

म्हातारीचा चेहरा बदलला. तिने पुढे केलेला हात मागे घेतला आणि चंची मुठीत धरून उभी राहिली. तिचा आवाज एवढ्याशा अंगातून येतोय असं वाटेना.

“मी भीक मांगाले उनी का तुन्हाकडे?”

येणारे-जाणारे थांबले.

“नही, माय, मी तं...”

“मन्ही नातना तोंडले पयलं बोट लावानं शे. ते भीकना मधनं लावू? आक्खी थंडी मी लोकेसनी कपाशी येची. आठे गाठले पैसा बांधीसन उनी. तू भाव सांगत नही. म्हनजे तू माले गिऱ्हाइक मानत नही, भिकारीन मानस!”

भीक. हा शब्द भटूच्या छातीत कुठे जाऊन लागला ते त्या म्हातारीला कळणं शक्य नव्हतं.

छप्पन्याच्या, म्हणजे एकोणीसशे सालच्या मोठ्या दुष्काळात तो पाच-सहा वर्षांचा होता. गाव सोडून निघाले, बाप वाटेतच मेला. आईने त्याला एका गावच्या धर्मशाळेपुढे नेऊन उभं केलं. तिथे खिचडी वाटत होते. आईला पुढे जाववेना, तिने त्याला पुढे ढकललं. वाढणारा माणूस वाईट नव्हता, पण प्रत्येकाने नीट मागावं असा त्याचा नेम होता. “माय-बाप, द्या” म्हण, तो म्हणाला. भटूच्या तोंडून आवाज निघेना. पुन्हा म्हण, तो म्हणाला. शेवटी भटू इतक्या मोठ्याने ओरडला की सगळी रांग वळून बघायला लागली. आई मागे पदरात तोंड घालून उभी होती. त्या खिचडीची चव त्याला आठवत नव्हती. स्वतःचा तो आवाज मात्र तो विसरला नव्हता, आणि त्यानंतर त्याने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. चिमूटभर मीठ नाही, उसना नांगर नाही, आणि आपल्याच मधाचे पैसेही नाहीत. देणं सोपं होतं. देणाऱ्याला आवाज चढवावा लागत नाही.

आणि आज त्याच्यापुढे एक म्हातारी लाजेने लालबुंद होऊन उभी होती, आणि तिला तसं उभं करणारा तो स्वतः होता. त्याची आई त्या दिवशी जशी उभी होती, तशी.

भटूने गडू परत घेतला. थोडा मध बरणीत ओतला. तागडीत तोलला, पुन्हा चमचाभर काढला, काटा सरळ झाला.

“चार आणा,” तो म्हणाला.

“काय?”

“पावशेरना चार आणा.”

“जोरमा बोल, बाप्पा. नदीना कानमा सांगी ऱ्हायना का?”

“चार आणा!” भटू म्हणाला. “रुपया शेर!”

म्हातारीच्या चेहऱ्यावरचा राग क्षणात निवळला. ती खाली बसली, मांडी घातली, बोचकं बाजूला ठेवलं, आणि दोन्ही हात वर करून ओरडली,

“चार आणा? लुटाले बठना का रे तू? अडीच आणा दिसु!”

भोवती जमलेली माणसं हसायला लागली. भटू गोंधळून गेला. आता फुकट देत होता म्हणून बोलणी खाल्ली, आणि भाव सांगितला तरी बोलणीच.

“चार आणा, माय.”

“तठे सहा आणा शेर शे. दीड आणामा पावशेर येस.”

एरवी भटूने तिकडची वाट दाखवली असती. पण ती म्हातारी त्या दुकानाकडे ढुंकूनही बघत नव्हती. तिचे डोळे भटूच्या तोंडावर खिळले होते आणि त्यात खेळायला बसलेल्या माणसाची चमक होती. भटूच्या लक्षात आलं, हिला मध आपल्याकडूनच घ्यायचाय. हिला फक्त भांडायचंय.

“तठला मध तठला शे,” तो म्हणाला. “हाऊ धनाना आनि राईना फूलवरना शे. मन्हा घरमांगे घागरीसमा माश्या शेत. आक्खी थंडी त्यासनी काम करं. मी एक पिलू नही मारं. चूल दखाडी नही, गूळ मिसळा नही. चार आणा.”

आपण एवढं बोललो याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

“तीन आणा. आनि नातना आशीर्वाद.”

“नातले मन्हा आशीर्वाद. मधना चार आणा.”

कुणीतरी मागून “वा, पाटील!” म्हणालं. म्हातारीने थोडा वेळ त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग चंची उघडून चार आणे एकेक करून त्याच्या तळहातावर ठेवले, आणि ठेवताना प्रत्येक आण्याला हात आखडता घेतल्यासारखं केलं. गडू उचलून तिने कपाळाला लावला.

“असा भाव सांगना पडस, भाऊ,” ती म्हणाली. “मंग आमले बी भांडता येस.”

ती गेली. पण घासाघीस जमली की जत्रेत माणसं हलत नाहीत. चार आणे रोख मोजून घेऊन म्हातारी गेली म्हणजे मध खरा असणार, असं एकाने बोलून दाखवलं. एका बाईने बोट पुढे केलं. दुसऱ्याने बाटली काढली. “कितला शेर?” असं कुणीसं मागून विचारलं, आणि भटू त्याला दिसावं म्हणून उठून उभा राहिला.

फुलवंताबाई दर्शन घेऊन देवळाच्या पायऱ्या उतरत होती. खालच्या गर्दीतून कुणाची तरी आरोळी येत होती. “रुपया शेर! ब्राह्मनपुरीना मध, रुपया शेर!” आवाज मोठा होता, खणखणीत होता, आणि अगदी अनोळखी होता. ती चपापली. ब्राह्मणपुरीत आपल्याशिवाय मध आणखी कुणाचा? कोण मेला आपल्या गावाचं नाव लावून आपलाच भाव सांगतोय? ती तरातरा पायऱ्या उतरली, कोपरांनी वाट काढत निंबापाशी आली आणि जागच्या जागी थबकली.

तिचा नवरा घोंगडीवर उभा होता. पागोटं मागे सरकलेलं, एका हातात तागडी, दुसऱ्यात पळी. “एकेक या, एकेक! सगळासले भेटी! तुम्ही, दादा, कितला? अर्धा शेर? आठ आणा. कमी नही, दादा. इचारा, पन कमी नही!”

फुलवंताबाईचं तोंड उघडंच राहिलं. मग तिने पटकन पदराचं टोक तोंडात कोंबलं, कारण तिला हसू येत होतं की रडू, ते तिला ठरवता येईना. ती पुढे झाली, त्याच्या शेजारी बसली आणि काही न बोलता बरण्यांची झाकणं काढून द्यायला लागली.

असे ते दोघं विकत असताना गिरधर आला. अंगात कोट, कपाळाला भस्म. तो बाजूला उभा राहून बराच वेळ बघत राहिला. गर्दी जरा पातळ झाली तसा पुढे आला.

“पाव्हणा, मन्हा करता एक शेर काढा.”

फुलवंताबाईने श्वास रोखला. सख्खा मेव्हणा. आता यांची जीभ पुन्हा चिकटणार.

भटूने शेर तोलला, भांड्यात ओतला, पुढे केला आणि मान वर करून म्हणाला, “रुपया, दादा.”

“मन्हाकडथून बी?”

“तुमनाकडथून बी. घर या, तठे वाटी भरीसन चाटा. आठे दुकान शे.”

गिरधरचं पोट हलायला लागलं, आणि तो असा खदखदून हसला की शेजारचा नारळवाला दचकून मागे वळला. हसत हसतच त्याने कोटाच्या आतल्या खिशातून रुपया काढून भटूच्या हातावर ठेवला.

“फुलवंता,” तो डोळे पुसत म्हणाला, “ह्या माणूसले मी जिनमा नही लई जात. माले काटावर गप बठनारा पाहिजे व्हता. हाऊ तं शेठलेच भाव सांगी!”

फुलवंताबाईने मान खाली घातली आणि एका बरणीचं झाकण पुसत राहिली, ते केव्हाच पुसून झालं होतं तरी.

सगळा मध काही संपला नाही. दोन बरण्या उरल्या. ऊन पिवळं झालं तसं त्यांनी घोंगडी गुंडाळली, बैल जुंपले आणि गाडी हळूहळू जत्रेतून शहाद्याच्या वाटेला काढली. वाटेत कासाराचं दुकान लागलं. काचेच्या हिरव्या बांगड्यांवर उतरतं ऊन पडलं होतं. फुलवंताबाई गाडीतून नुसती बघत होती. भटूने कासरा ओढला आणि खाली उतरला.

“हाई चुडा कितला?”

कासाराने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि जत्रेत सांगायचा तो भाव सांगितला. निम्म्यावर सौदा ठरेल या हिशेबाने सांगितलेला. फुलवंताबाईने बाह्या सरसावल्या. पण तिने तोंड उघडायच्या आत भटूने पैसे मोजून कासाराच्या पुढ्यात ठेवले होते.

कासार पैशांकडे बघत राहिला. असं त्याच्या दुकानात कधी झालं नव्हतं. तो अस्वस्थ झाला. “अहो पाटील, काही कमी तं करा!”

“तू भाव सांगा,” भटू म्हणाला. “तुन्हा माल शे. तुले माहीत.”

कासाराने फुलवंताबाईचा हात धरून चुडा भरला. भरून झाल्यावर त्याला राहवेना. त्याने दोन्ही हातांत आणखी एकेक बांगडी चढवली, आणि तरीही त्याचं समाधान झालेलं दिसेना. गाडी लांब जाईपर्यंत तो दुकानाबाहेर उभा होता.

गाव मागे पडलं तशी फुलवंताबाई सुरू झाली. सांगितला तेवढा भाव कुणी देतं का? आज शिकलात ते अर्धंच शिकलात. विकायचं आलं, घ्यायचं कधी येणार? निम्म्यात आला असता चुडा, निम्म्यात! बोलताना ती हात उडवत होती आणि प्रत्येक वाक्याला कोपरापर्यंतच्या नव्या बांगड्या किणकिणत होत्या. भटू बैलांकडे बघत ऐकत होता.

शहाद्याच्या अलीकडचा ओढा आला तोवर तिचं सगळं बोलून झालं होतं. गाडी पाण्यातून वर चढली, बैल सपाट वाटेला लागले. फुलवंताबाई मात्र काही कारण नसताना मधूनच हात हलवत राहिली.